बटण चौकात बसतो

९ फेब्रुवारी

घरात पाऊल टाकून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर कुत्र्यानं दोनदा मुतून ठेवलं. एकदा दारात, एकदा माझ्या चपलेत. संस्थेची बाई म्हणाली, "ताई, रागवायचं नाही. उचलून बाहेर न्यायचं." मी म्हटलं, "चपलेला का कुत्र्याला?" ती हसली. तिच्या गळ्यात शिट्टी असते म्हणून इथं मी तिला शिट्टीबाई लिहिणार. तोंडावर मॅडम.

ही वही माझ्या दुकानातली. मी कपडे आखूड-लांब करून देते, चेनी बदलते. पुढच्या बाजूनं गिऱ्हाइकांची छाती-कंबर, मागच्या बाजूनं हे. शिट्टीबाईनं रोज भरायचा फॉर्म दिलाय, पण त्यात चौकटी आहेत. चौकटीत मावत नाही ते इथं. चौथीपर्यंत शाळा झाली माझी, चुका होणार. कोण बघायला येतंय.

कुत्रा आमचा नाही. आंधळ्या माणसांना वाट दाखवणारे कुत्रे असतात, त्यांच्यातला. दोन महिन्यांचं पिल्लू घरी आणायचं, वर्षभर माणसांत, गर्दीत, आवाजात फिरवून धीट करायचं आणि परत द्यायचं. खरी शाळा मग पुढं, संस्थेत. हा अर्ज मुलीनं केला होता, आम्हाला न विचारता. नावसुद्धा लिहून दिलं होतं, बटण.

मुलगी ऑक्टोबरात गेली. पोस्टाच्या चौकात, रस्ता ओलांडताना, ट्रकखाली.

मागच्या आठवड्यात फोन आला, पिल्लू तयार आहे, अर्ज केलेल्या मॅडम आहेत का? मी म्हटलं, नाही. मग दुसऱ्या कुणाला देतो, म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, आणा.

का म्हटलं ते माहीत नाही. नवऱ्यानंही विचारलं नाही. तो हल्ली काहीच विचारत नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळचं दूध नवरा आणतो. दुकान पाच मिनिटांवर. जायला पाच, यायला पाच, दुकानदाराशी गप्पा मारायला आणखी पाच धरा. ह्याला चाळीस मिनिटं लागतात. मुलगी गेल्यापासून हे सुरू आहे. विचारलं तर म्हणतो, "गर्दी होती." सकाळी सहाला दुधाला कसली डोंबलाची गर्दी? रडणाऱ्या बायकोला कंटाळून पळतो म्हणावं, तर मी रडतही नाही.

आता बटणलाही पिशवीत घालून नेतो. टोचण्या पुऱ्या झालेल्या नाहीत, त्यामुळे खाली ठेवायचं नाही. बरंच आहे, तेवढीच माझी झाडलोट होते.

२० फेब्रुवारी

दुकानात नेलं. मशीन चालू केलं आणि हा कपाटाखाली. शेपूट ओढून काढावंसं वाटलं होतं. पण शिट्टीबाईचं म्हणणं, ओढलं की भीती पक्की होते. म्हणून मशीन बंद ठेवून पायडलजवळ त्याच्या खाऊचे दाणे टाकले. आला, खाल्ले, पळाला. मग नुसतं चाक हातानं फिरवलं. मग दोन टाके. मग चार. एका पॅन्टीच्या दोन पायांना दीड तास लागला. गिऱ्हाईक उभ्या उभ्या म्हणालं, "मावशी, पॅन्ट शिवताय का कुत्रा?"

संध्याकाळी तो पायडलवर डोकं ठेवून झोपला. पाय हलवता येईना. तसंच बसून काजं केली हातानं.

७ मार्च

फॉर्ममध्ये साठ गोष्टींची यादी आहे. सहा महिन्यांचा व्हायच्या आत त्यानं त्या बघायला हव्यात. छत्री उघडताना, काठीवाला म्हातारा, दाढीवाला माणूस, रडणारं मूल, सरकता जिना, हेल्मेट घातलेला माणूस. नवऱ्याला हेल्मेट घालून सोफ्यावर बसवलं. बटण भुंकला. मी म्हटलं, "अहो, काहीतरी बोला, म्हणजे आवाजावरून ओळखेल." तो आतून म्हणाला, "काय बोलू?" लग्नाला सव्वीस वर्षं झाली, अजून मीच सांगायचं.

खालच्या मजल्यावरच्या काकू आधी नाक मुरडायच्या. काल स्वतःच दाढी लावून आल्या, नातवाच्या नाटकातली. "तुमच्याकडं दाढीवाला नाही म्हणून आले." बटणनं दाढी ओढून काढली. कितीतरी महिन्यांनी घरात हसण्याचा आवाज झाला. मग काकूंनी दाढी पटकन पिशवीत टाकली.

४ एप्रिल

आता पट्टा लावून चालतो. डाव्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लावून. लिफ्ट झाली, लोखंडी जिना झाला, बस झाली.

घर ते दुकान सरळ रस्ता पोस्टाच्या चौकातून आहे. मी तिकडून जात नाही. मागच्या बोळातून जाते, पंधरा मिनिटं जास्त लागतात. एवढंच. त्याबद्दल लिहायचं नाही.

२३ मे

त्याचं निळं जाकीट छातीत दाटलं. त्यावर लिहिलंय, 'मी शिकतोय, हात लावू नका.' उसवलं तर आत शिवणीला धागाभरही जागा ठेवलेली नव्हती. कुणी शिवलं हे? वाढत्या अंगाचं कापड शिवताना आत दोन बोटं सोडायची असतात, हे पोरासोरांनाही कळतं. बगलेत नवी पट्टी घातली.

मी तेच करत होते तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं. "तुमची मुलगी दिसत नाही हल्ली. सासरी गेली वाटतं?"

मी म्हटलं, "नाही. मेली."

बाईचा चेहरा पांढरा झाला. मलाही कळतं असं बोलू नये. पण मग कसं बोलायचं ते कुणी सांगत नाही. तिचा परकर चार बोटं जास्त कापला गेला. नवीन कापड आणून दिलं पाहिजे.

११ ऑगस्ट

शिट्टीबाई तपासणीला आली. बटणनं सगळं केलं. लोखंडी जाळीवरून चालला, मांजराकडं बघून न बघितल्यासारखं केलं. ती खूश. "ताई, तुमचा हात चांगला आहे." मी म्हटलं, "हात कसला, तोंड चांगलं आहे. माझ्या तोंडाला तो घाबरतो."

मग तिनं फॉर्म उलटला. "मोठा चौक केला ना? सिग्नलचा?"

"केला," मी म्हटलं.

चौकटीत खूण मीच केली होती, जूनमध्ये. खोटी. एकदाही नेलेलं नाही. बाकीच्या एकोणसाठ खऱ्या आहेत. एका खोट्या टाक्यानं काय उसवतं, असं तेव्हा वाटलं.

१२ ऑक्टोबर

आज वर्ष झालं. कुत्र्यानं नवीन काही पाहिलं नाही. नवरा दूध घेऊन दीड तासानं आला. दूध नासलं होतं.

२५ नोव्हेंबर

संस्थेत सराव परीक्षा होती. सगळं नीट चाललं होतं, आणि मग त्यांच्या फाटकासमोरचा मोठा चौक आला. शिट्टीबाईनं पट्टा हातात घेतला, म्हणाली, "चल." बटण फुटपाथच्या कडेला गेला आणि बसला. हिरवा लागला, माणसं गेली, हा बसलेला. पुन्हा हिरवा, पुन्हा बसलेला. पट्टा जरा ओढला तर उठला आणि सरळ मागं वळून चालायला लागला.

शिट्टीबाई म्हणाली, "घाबरलेला नाही हा. शेपूट वर आहे, कान सैल आहेत. ताई, याला कुणीतरी शिकवलंय."

मी तिच्या हातातून पट्टा घेतला.

खरी परीक्षा दहा जानेवारीला. त्यात असाच बसला तर नापास. नापास कुत्रा परत ज्यानं वाढवला त्याला विचारतात आधी, ठेवता का म्हणून.

बसमध्ये तो माझ्या पावलांवर बसला होता. मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. नापास हो बाबा, असं मी मनात म्हटलं.

२६ नोव्हेंबर

मागं वळायला मी शिकवलं, ते मला कळलं. चौकाच्या कोपऱ्यावरची पानटपरी दिसली की मी वळते, तोही वळतो. पण बसायला कुणी शिकवलं?

आज सकाळी नवरा दुधाला निघाला, मी मागून निघाले. तो दुधाच्या दुकानावरून पुढं गेला. थेट पोस्टाच्या चौकात. पोस्टाच्या पायरीवर बसला, आणि बटण न सांगता त्याच्या बुटांशी बसला, तोंड रस्त्याकडं. दोघं सिग्नल बघत होते. पिशवीत दूध नव्हतंच अजून.

कोपऱ्यापर्यंत मी पोचले होते. पुढं पाय जाईना. भिंतीला धरून गेले.

"गर्दी होती का?" मी विचारलं.

तो दचकला नाही. सरकून जागा केली. मी बसले नाही.

"बावीस सेकंद हिरवा राहतो," तो म्हणाला. "रोज मोजतो. कधी एकवीस होत नाहीत." गोदामात खोकी मोजायची नोकरी त्याची, दुसरं काय येणार त्याला. "पुरतात गं. काठी टेकत जाणाऱ्यालाही पुरतात. मग तिला का नाही पुरले?"

"ट्रकवाला लाल तोडून आला. सगळ्यांनी सांगितलं की."

"माहीत आहे."

"मग मोजता कशाला?"

त्यानं पट्टा हाताला गुंडाळला. मग म्हणाला, "तू दुकानात कुठून जातेस?"

"बोळातून."

"तेरा महिने?"

"हो."

"बोळात गटार तुंबलेलं असतं."

"असतं."

घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. हा रोज सकाळी चौकात बसायला शिकवतो, मी रोज चौकातून मागं फिरायला. दोन मास्तर, एक विद्यार्थी, आणि धडा एकच, हा रस्ता ओलांडायचा नसतो.

परीक्षेचं सांगितलं त्याला. तो बटणच्या कानामागं खाजवत राहिला. मग म्हणाला, "होऊ दे नापास. आपल्याकडंच राहील."

मीही म्हटलं, "हो."

वर्षात पहिल्यांदा आमचं एका गोष्टीवर एकमत झालं.

४ डिसेंबर

संस्थेत कुत्रे वाढवणाऱ्यांना बोलावलं होतं. ज्यांना कुत्रे मिळायचे आहेत अशी दोन-चार माणसंही होती. माझ्या शेजारी एक रेडिओ दुरुस्त करणारा बसला होता, पन्नाशीचा, जन्मापासून आंधळा. बटणनं त्याच्या पँटीला नाक लावलं तेव्हा तो म्हणाला, "हा कोण साहेब?"

"बटण. नापास होणार आहे."

"हात द्या मग. मी शाळेत तीनदा झालोय."

हसायला आलं मला. तो दोन वर्षं रांगेत आहे. मी विचारलं, मोठा रस्ता कसा ओलांडता?

"शेजारच्याच्या बाहीला धरतो. विचारून धरतो, चोरून नाही. माणसं भली असतात हो. पण हिरवा लागला की प्रत्येकाला घाई. मधेच बाही सुटते." त्यानं दोन बोटं चिमटीत धरली आणि सोडली. "मग मी मधोमध. कुठल्या बाजूला जायचं ते गाड्या सांगतात, पण सगळ्या एकदम सांगतात."

तीस वर्षं बाह्या शिवते मी. कुणाच्या चिमटीतून सुटत असतील असं कधी मनात आलं नव्हतं.

निघताना शिट्टीबाईला विचारलं, "मॅडम, हिरवा लागला की जायचं, एवढंच शिकवता ना पुढं?"

"छे. त्यांना रंग कुठं धड कळतात. पुढं आम्ही सगळ्यात अवघड ते शिकवतो. मालक 'चल' म्हणाला, सगळं जग 'चल' म्हणालं, तरी गाडी येत असेल तर ऐकायचं नाही. आडवं उभं राहायचं."

"ऐकायचं नाही?"

"नाही. तिथं न ऐकणाराच पास."

घरी येईपर्यंत एकच आठवत राहिलं. मुलगी चार वर्षांची होती तेव्हा पोस्टाच्या चौकात हाताला धरून मीच शिकवलं होतं. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जा. चुकली की पाठीत धपाटा. सगळ्या गल्लीत माझ्या पोरीइतकं ऐकणारं पोर नव्हतं. मी मिरवायचे.

५ डिसेंबर

नवऱ्याला म्हटलं, बटणला चौक शिकवायचा. तो जेवता जेवता थांबला.

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. आता मोडलं."

"तुला घरात कुणी टिकूच द्यायचं नाही," तो म्हणाला.

सव्वीस वर्षांत एवढं धारदार तो कधी बोलला नव्हता. मी ताटं उचलली. माझंही तोंड काही बांधलेलं नाही. म्हटलं, "तुम्ही मोजत बसा. मी नेते."

मोरीत नळ सोडून उभी राहिले. ताटं तशीच राहिली.

६ डिसेंबर

सकाळी मी दार उघडलं तर तो बूट घालून पायरीवर. हातात पट्टा, बटण तयार.

"मोजायला माणूस लागेल ना," म्हणाला.

चौकापर्यंत गेलो. पट्टा माझ्या डाव्या हातात. बटण कडेला जाऊन बसला. मी "चल" म्हणायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. हाताला एवढा घाम की पट्टा सरकत होता. आणि बटण रस्त्याकडं बघत नव्हता, माझ्या हाताकडं बघत होता. शिट्टीबाई म्हणते पट्ट्यातून सगळं कळतं त्यांना. म्हणजे वर्षभर मी त्याला काय काय सांगितलं असेल, तोंडानं न सांगता.

परत आलो.

७ डिसेंबर

पुन्हा. पांढऱ्या पट्ट्यांवर पहिलं पाऊल. परत.

९ डिसेंबर

हिरवा लागला. मी दोन्हीकडं बघितलं, पुन्हा बघितलं. नवरा मोठ्यानं मोजायला लागला, एक, दोन, तीन, शेजारचे लोक वळून बघायला लागले. सातला मी म्हटलं, "चल." बटण उठला. चालला. गुडघ्याला गुडघा. मधोमध आल्यावर माझे डोळे आपोआप मिटले. ती जागा असावी, कुणी मला नेमकी दाखवलेली नाही. डोळे मिटून चालले. तोच नेत होता मला. एकोणीसला पाय कडेला लागला.

पलीकडे काय आहे? किल्ल्या करणाऱ्याची टपरी आहे. चष्म्याचं दुकान आहे. बस्स, एवढंच. तेरा महिने मला वाटत होतं पलीकडं काहीतरी आहे.

नवरा अलीकडंच राहिला होता. त्यानं मोजणं थांबवलं नव्हतं. बावीसपर्यंत मोजून तोंडावर हात ठेवून उभा राहिला. पुढचा हिरवा लागेपर्यंत आम्ही दोन बाजूंना.

बटणला भरपूर दाणे दिले. इतके द्यायचे नसतात.

१० जानेवारी

पास.

शिट्टीबाईला जूनमधल्या खोट्या खुणेचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला ऑगस्टमध्येच कळलं होतं, ताई. तुम्ही उत्तर फार लवकर दिलंत."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुम्ही कुत्रा त्याच दिवशी परत दिला असता."

खरं आहे.

२ फेब्रुवारी

आज नेलं.

जाकीट धुऊन, बगलेची पट्टी पुन्हा टाचून दिली. आत दोन बोटं जागा सोडली आहे, पुढं लागली तर. गाडीचं दार उघडल्यावर तो चढला, बसला, आणि माझ्याकडं बघत राहिला, मी कधी चढते म्हणून. मी "थांब" म्हटलं. तो थांबला. ऐकतो माझं. शिकवा लवकर त्याला न ऐकायला.

शिट्टीबाईनं एक कागद दिला, जाड, सोनेरी कडांचा. 'या कुत्र्याला वाढवणाऱ्या' असं लिहून पुढं मुलीचं नाव. शिट्टीबाई कानापर्यंत लाल झाली. "अय्या, अर्जावरून छापलं गेलं. बदलून आणते, ताई."

"राहू दे," मी म्हटलं.

नवऱ्यानं कागद घेतला आणि कितीतरी वेळ वाचत राहिला. तीन ओळी आहेत त्यात.

दुपारी दुकानात गेले, चौकातून. एका गिऱ्हाइकाचा काळा कोट परत आला. म्हणे, याला कुत्र्याचे पांढरे केस चिकटलेत, झाडून द्या. मी झाडले नाहीत. चिमटीनं एकेक काढले आणि बॉबिनच्या डबीत ठेवले. कोटवाला म्हणाला, "मावशी, लवकर होईल का?" मी म्हटलं, "नाही."

३ फेब्रुवारी

सकाळी सवयीनं उठून दार उघडलं, कुणाला बाहेर न्यायचं नव्हतं. पायडलवरही पाय मोकळा राहणार आता. शिवण भराभर होईल.

नवऱ्यानं दुधाची पिशवी घेतली. मी चपला घातल्या. त्याच एका चपलेला अजून वास आहे, कितीदा धुतली. त्यानं दार धरून ठेवलं.

दोघं दूध आणायला गेलो.

चाळीस मिनिटं लागली.